अन्नाचे आवरण आणि अन्नाचा काळ
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळ्याचे चार महिने ढग ज्या गावाच्या दारात उतरतात, त्या लोणावळ्यात अन्न टिकविणे ही गृहिणीची आणि दुकानदाराची दरवर्षीची परीक्षा असते. कापडाच्या ताग्याला कसर लागली किंवा दमटपणाचा डाग पडला, तर ऊन दाखवून, झटकून, थोडी सूट देऊन तो विकता येतो. अन्नाला अशी दुसरी संधी मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न घरांत, उपाहारगृहांत व दुकानांत वाया गेले. त्यातला 60 टक्के वाटा घरांचा होता. भारतीय घरांसाठी त्यात माणशी वर्षाला 55 किलोचा अंदाज आहे. त्यात साली-देठही आले, हे खरे. तरी पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब पावणेतीन क्विंटलवर जातो. एवढी तूट दुकानाच्या वहीत निघाली असती, तर मालकाला रात्री झोप लागली नसती.

ही तूट आवरणामुळे कशी कमी होते, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. लोणावळ्याची चिक्की पाहावी. गुळाचा पाक तापून थंड झाला की तो काचेसारखा कडक होतो, पण हवेतली ओल ओढून घेण्याचा त्याचा स्वभाव जात नाही. म्हणून पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की प्रथम चिकटते, मग मऊ पडते. दुसरा शत्रू शेंगदाण्यातच दडलेला असतो. त्याच्या तेलाला प्राणवायू व उजेड लागला की चिक्की खवट होते. बटर पेपरने एक वडी दुसरीला चिकटत नाही, इतकेच. ओल आत येतेच. चारी बाजूंनी बंद केलेली प्लास्टिकची पिशवी ओल अडविते. धातूचा सूक्ष्म थर दिलेली चकचकीत पिशवी ओलीबरोबर उजेड आणि प्राणवायूलाही बऱ्याच अंशी रोखते. म्हणजे कोणत्या शत्रूशी गाठ आहे हे ओळखून आवरण निवडावे लागते. रेशमाला आणि खादीला एकच अस्तर कोणी लावीत नाही!

परंतु अर्धा किलोचा पुडा घरी नेऊन फोडला, की ही सारी तटबंदी त्याच क्षणी ढासळते. पुड्यावर छापलेली तारीख ही न फोडलेल्या पुड्याची असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उरलेली चिक्की चार दिवसांत मऊ पडते आणि बिचाऱ्या दुकानदाराला दोष लागतो.

मावळचा या विद्येशी आणखीही संबंध आहे. रुबेन राउसिंग यांनी 1951 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे स्थापन केलेल्या टेट्रा पॅक या कंपनीचा कारखाना मावळातील टाकवे येथे काही वर्षे होता. पुढे चाकणला मोठा कारखाना उभा राहिला. या खोक्यात मुख्यतः जाड कागद, त्यावर प्लास्टिकचे पातळ थर आणि केसाहूनही बारीक असा ॲल्युमिनियमचा पदर असतो. दूध सुमारे 135 ते 140 अंशांवर केवळ काही सेकंद तापवितात, खोके वेगळे निर्जंतुक करतात आणि निर्जंतुक जागेतच ते भरतात. असे दूध बंद खोक्यात शीतकपाटावाचून काही महिने टिकते. मात्र हेच एकमेकांना चिकटलेले थर पुढे वेगळे करणे कष्टाचे व खर्चाचे असते. राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले, ते उगीच नव्हे. अन्न वाचविताना घाटातला ओढा तुंबविला, तर अहिंसेच्या खात्यात जमा काय झाले?

भाजीपाल्याची गोष्ट निराळी, कारण तोडल्यावरही भाजी श्वास घेते. तिला घट्ट बांधले तर ती गुदमरून सडते. तिला मोजकी छिद्रे असलेले आवरण किंवा हवा खेळणारी क्रेट लागते. देशभरच्या 2015 च्या सरकारी पाहणीत फळे-भाज्यांची नासाडी पिकानुसार सुमारे साडेचार ते सोळा टक्के आढळली. दुधाची मात्र एक टक्क्याहूनही कमी. तळेगाव दाभाडे येथे सुगी पश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. मावळच्या शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने तिचे दार अवश्य ठोठावावे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. आधुनिक आवरणाचा अभिमान असा की ते अन्नाचा काळ लांबविते. जैन घरात मात्र काळ आधीच ठरलेला असतो. काही परंपरांत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस आहे. काहींत मिठाईला अनुक्रमे 15, 20 आणि 30 दिवस मानतात. एकच पदार्थ, पण ऋतू बदलला की मुदत बदलते. छापील तारखेला एवढी समज नसते. चव पालटलेला पदार्थ, म्हणजे चलित रस, अभक्ष्यच मानला आहे. मग सहा महिन्यांच्या मुदतीचा मोठा पुडा घेऊन हाती काय लागते? काळ संपला की खाता येत नाही आणि टाकले तर जीवोत्पत्ती व अनादर असे दोन्ही दोष पदरी येतात. ताट धुऊन पिणाऱ्या समाजाच्या कपाटात अर्धे पुडे पडून राहावेत, ही विसंगती आहे. म्हणून या समाजाला लांब मुदतीपेक्षा लहान पुड्याची गरज अधिक आहे. लहान पुड्याला आवरण जास्त लागते, ही तक्रार रास्त आहे; पण कोरड्या पदार्थाला घरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि मोजून आणलेला सुटा माल हे त्यावर उत्तर आहेच. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही मुदतीची तारीख लावणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. ती वाचूनच वजन सांगावे.

स्वामीवात्सल्याचे उरलेले अन्न तर सूर्यास्तापूर्वीच मार्गी लावावे लागते. तेव्हा स्वच्छ, झाकणाचे डबे आधीच मोजून ठेवावेत, अन्न गरम असतानाच ते भरावेत आणि जवळच्या वस्तीत पोहोचविणारी माणसे सकाळीच नेमावीत. पंगत उठल्यावर डबे शोधू लागले, तर तोवर भाताला वास येतो.

आणि प्रभावनेच्या मिठाईचे डबे छापताना दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत येते, ते येऊ द्यावे. त्याखाली दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात: पदार्थ केल्याची तारीख आणि आपल्या परंपरेप्रमाणे त्या ऋतूत त्याचा काळ पूर्ण होण्याची तारीख. शाईची गादी आणि तारखेचा एक रबरी शिक्का, एवढाच काय तो खर्च.