‘रेड रोड’ आणि त्याचे प्रेक्षक

एखाद्या बोलपटावरून घरांत वाद व्हावा, आणि तो नटनटींविषयीं नसून ‘या बाईनें असें वागावें काय’ याविषयीं व्हावा, असा योग क्वचित् येतो. ‘रेड रोड’ या स्कॉटलंडमधील बोलपटानें आमच्या घरीं तो आणला. अँड्रिआ अर्नोल्ड या दिग्दर्शिकेची ही पहिलीच पूर्ण लांबीची कृति. २००६ सालीं कान येथील महोत्सवांत तिला परीक्षक-मंडळाचें पारितोषिक मिळालें. तरीहि ती पाहून उठलेल्या माणसांचें एकमत होत नाहीं. त्यांचे आक्षेप आज मी विचारांत घेणार आहें, आणि त्यासाठीं कथा उघड करणें भाग आहे.

ग्लासगो शहरांत रस्तोरस्तीं बसविलेल्या कॅमेऱ्यांवर देखरेख ठेवण्याची नोकरी जॅकी नांवाची एक स्त्री करते. अंधाऱ्या खोलींत तिच्यासमोर पडद्यांची भिंत असते. तींतून सारें शहर तिला दिसतें. शहराला ती दिसत नाहीं. कोठें मारामारी झाली कीं पोलिसांना कळवावयाचें, एवढेंच तिचें काम. पण कांहीं माणसें तिच्या ओळखीचीं होऊन बसलीं आहेत. आजारी कुत्र्याला फिरावयास नेणारा एक गृहस्थ आहे. रात्रीं कचेरी झाडतां झाडतां गाण्याच्या तालावर नाचणारी एक बाई आहे. जॅकीच्या स्वतःच्या घरीं मात्र कोणी नाहीं. एके रात्रीं एका पडद्यावर एक पुरुष दिसतो आणि तिचा हात थबकतो. हा कोण, हें आपणांस सांगितलें जात नाहीं. ती त्याचा माग काढते, रेड रोड वसाहतींतील त्याच्या उंचावरील घरीं जाते, त्याच्याबरोबर नाचते, आणि आपण नुसते पाहत राहतों.

पहिला आक्षेप येथेंच. कारण इतकें लांबविणें म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक, असें पुष्कळांचें म्हणणें. आमच्याकडील धाकटे चिरंजीव मध्येंच चहा करावयास उठले, आणि मीहि पहिल्या खेपेस त्यांच्याच मताचा होतों. आमच्या थोरल्या वहिनींनीं तरुणपणीं वैधव्य सोसलें आहे. त्या एवढेंच म्हणाल्या, “ज्याचें जातें, तें माणूस आल्यागेल्याला कारण सांगत बसत नाहीं.” दुसऱ्यांदा पाहतांना रहस्य मला ठाऊक होतें, पण बोलपट रतिभरहि फिका पडला नाहीं. उलट केट डिकी या नटीच्या चेहऱ्यावरील प्रत्येक हालचाल आतां वाचतां येऊं लागली. रहस्यावरच सारी भिस्त असती, तर असें झालें नसतें.

तो पुरुष क्लाइड. नशेंत मोटार हांकून त्यानें तिच्या पतीचा व लहान मुलीचा जीव घेतला, आणि शिक्षेची मुदत संपण्यापूर्वींच तो सुटला आहे. जॅकी त्याला मोहांत पाडते; नंतर स्वतःच्या तोंडावर दगडानें इजा करून घेते आणि त्याच्यावर बलात्काराचा आरोप करते. तो पकडला जातो. यावर येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अशा प्रसंगामुळें खऱ्या पीडितेच्या शब्दावरहि संशय घेणाऱ्यांना निमित्त मिळतें, असें अनेक स्त्रिया म्हणतात, आणि त्यांना मी खोडून काढूं शकत नाहीं. मात्र दिग्दर्शिकेनें जॅकीला निर्दोष ठरविलेलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. क्लाइडलाहि एक मुलगी आहे, आणि ती बापाचा शोध घेत त्याच्या दारीं येते. तिला पाहिल्यावर जॅकीला आपली तक्रार पचत नाहीं.

ती तक्रार मागें घेते, त्याला समोर उभा करून बोलते. इतका राग इतक्या लवकर निवतो काय, हा तिसरा आक्षेप. मी म्हणेन, राग निवण्याची घाई नाहीं, बोलण्याची आहे. तासभर जें चेहऱ्यांनीं सांगितलें, तें येथें शब्दांत पुन्हां सांगितलें आहे. सासूसासऱ्यांशीं तिचा तंटा आहे तो रक्षेवरून. ती आजवर तिनें कोठें विसर्जू दिलेली नाहीं. शेवटीं ती त्यास कबूल होते. वहिनींना हाच भाग खरा वाटला. क्लाइडशीं झालेलें बोलणें त्यांना आठवतहि नव्हतें.

आतां त्या वसाहतीविषयीं. १९६० नंतरच्या दशकांत उभारलेल्या या आठ इमारतींतील सर्वांत उंच ३१ मजल्यांच्या होत्या. २०१४ सालीं ग्लासगोंत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हां उरलेल्या सहांपैकीं पांच इमारती सुरुंगानें पाडून तें दृश्य उद्घाटनाच्या सोहळ्यांत लोकांना दाखवावें, असा बेत एप्रिलमध्यें जाहीर झाला. सहाव्या इमारतींत आश्रयार्थी राहत होते, म्हणून ती तेवढी वगळली होती. माणसांनीं ज्यांत संसार केले, तीं घरें पडतांना टाळ्या कशा वाजवावयाच्या, असा गिल्ला झाला आणि थोड्याच दिवसांत तो बेत सोडून द्यावा लागला. पुढें ऑक्टोबर २०१५ मध्यें सहाहि इमारतींना एकदम सुरुंग लावला. त्यांतील दोन त्या दिवशीं पुरत्या कोसळल्याच नाहींत.