ढिगाऱ्यातली वाळू, थरातली वाळू



परिषदेच्या अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र मातीच्या धरणातल्या दीड-दोन मीटर रुंदीच्या वाळूच्या पट्ट्यावर बोलणार आहे.

५ जून १९७६. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले टेटन धरण पहिल्यांदाच भरत होते. सकाळी उजव्या काठाला गढूळ पाणी दिसले. दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटले. ११ माणसे गेली. गाभ्याची गाळवट माती भेगाळ खडकाला थेट टेकली होती. वाहून जाणाऱ्या कणांना अडवणारा फिल्टर मध्ये नव्हता. तो दोष संकल्पनाचा. आपल्या नकाशांत हा फिल्टर, म्हणजे तो वाळूचा पट्टा, असतो. पण जागेवर उतरतो तो तोच असतो का?

मृदा-अभियंते टर्झागींपासून चालत आलेला निकष आपल्याला पाठ आहे: फिल्टरचा डी-१५ (वजनाने १५ टक्के कण ज्याहून बारीक असतात तो आकार) हा लगतच्या मातीच्या डी-८५ च्या चार-पाच पटींच्या आत हवा. चाळणीचा आलेख काढतो, वक्र पट्ट्यात बसतो, सही होते. पहिली गोष्ट इथलीच: नमुना ढिगाऱ्यातला असतो. त्यानंतर तीच वाळू डंपरमध्ये चढते, उंचावरून ओतली जाते, डोझरखाली पसरते, रोलरखाली दबते. ओतताना जाड खडे घरंगळून कडेला जमतात, आणि कड म्हणजे नेमकी हार्टिंगची, म्हणजे गाभ्याची, बाजू. वाळू ओली ठेवली, कमी उंचीवरून सोडली, तर हे बरेच टळते.

दुसरी गोष्ट बारीक कणांची. ७५ मायक्रॉनखालचे कण ५ टक्क्यांच्या आत हवेत, आणि तेही दाबून झाल्यावर. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून आपण बेसाल्टच्या क्रश सँडवर आलो आहोत. ती न धुता वापरली तर भुकटी सोबत येते. जास्त रोलिंग केले तर आणखी तयार होते. अशी वाळू चिकटून उभी राहते. मग हार्टिंगला भेग पडली की फिल्टरलाही पडते आणि ती उघडीच राहते. इम्पीरिअल कॉलेजच्या व्हॉन यांनी यासाठी सुचवलेली चाचणी मला फार आवडते: दाबलेल्या वाळूचा मुलांच्या किल्ल्यासारखा मुटका करा, तसराळ्यात ठेवा, हळूहळू पाणी सोडा. तो ढासळला पाहिजे. उभा राहिला तर वाळू नापास. प्रयोगशाळाही लागत नाही.

तिसरी गोष्ट चिखलाची. फिल्टर हार्टिंगच्या एक थर पुढे चढवावा, म्हणजे काळ्या मातीचे पाणी त्यात उतरत नाही. हार्टिंगचा उतारही फिल्टरपासून दूर हवा. डंपर जिथून फिल्टर ओलांडतात ती जागा ठरलेली असावी आणि पुढचा थर टाकण्याआधी तिथली मळलेली वाळू खरवडून काढावी. पावसाळ्यानंतर काम सुरू करताना तर हे हवेच. सगळ्यांना हे माहीत आहे. तरी होत नाही, कारण काढलेल्या वाळूचे पैसे कोणी द्यायचे हे निविदेत लिहिलेले नसते. जागेवरच्या तरुण सुपरवायझरने कंत्राटदाराशी वाद घालून ती काढावी, अशी आपली अपेक्षा. कोवळ्या पोरावर हे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

परिषदेने ठराव करायचाच असेल तर एवढाच करावा: फिल्टरचा नमुना दाबलेल्या थरातून घ्यावा, मुटक्याची चाचणी जागेवरच व्हावी आणि मळलेली वाळू काढून नवी भरणे ही निविदेत स्वतंत्र दराची बाब असावी.