भाड्याचे घर, पायी चालणे आणि परिग्रह-परिमाण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात दिलेले भाषण)

 

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी या ट्रस्टचे रोप लावले. आज त्याच्या सावलीत आपण बसलो आहोत. या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी काही विद्वान नव्हे. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत बसलो आहे. म्हणून शास्त्रावर प्रवचन करण्याचे धाडस करीत नाही. ज्या विषयाने आपल्या समाजातील अनेक घरांत आज अस्वस्थता आहे, त्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडतो.

आपल्या दिंडोरीची मुले शिकून नाशिक, पुणे, मुंबईला जातात. मुंबईत गेलेला मुलगा बहुधा मुलुंड, घाटकोपर, बोरीवली अशा उपनगरांत भाड्याने राहतो. तेथे देरासर, उपाश्रय व स्थानक जवळ असते आणि आपल्या पद्धतीचा आहार सहज मिळतो. मात्र तेथील घरांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नाहीत. मग सणाला मुलगा गावी आला की आपण त्याला दोन प्रश्न विचारतो, "फ्लॅट घेतला का?" आणि "गाडी घेतली का?" दोन्ही उत्तरे 'नाही' अशी आली की आपल्या चेहऱ्यावर जे उमटते, ते तो पाहतो.

माझाच मुलगा मुलुंडला भाड्याने राहतो. तो आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. दोघांचे मिळून दरमहा ९२ हजार रुपये हाती येतात. दिंडोरीत बसून ऐकले तर रक्कम मोठी वाटते, मुलुंडमध्ये ती बेताची ठरते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक शयनगृहाचे घर आहे व भाडे २८ हजार आहे. गाडी नाही, स्कूटरही नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना सांगितले, "माझे गोदाम विकतो, तुम्ही कर्ज काढा आणि स्वतःचे घर करा. चारचौघांत मला सांगायला बरे वाटेल." हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. मुलगा गप्प राहिला. सूनबाईने मात्र वही आणली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हीच शिकवले आहे की आधी आकडा मांडावा, मग बोलावे."

तो आकडा असा. त्यांच्या घराएवढ्या घराला त्या भागात एक कोट रुपये सांगतात. २० लाख स्वतःचे घातले आणि ८० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा हप्ता सुमारे ६९,४०० रुपये येतो. ९२ हजारांतून तो वजा केला की हाती २२,६०० उरतात. त्यांचा नुसता किराणा, दूध-भाजी, वीज व गॅसचा खर्च २४ हजार आहे. मुलाची शाळा, औषधपाणी आणि सोसायटीचा मासिक आकार हे सर्व त्यानंतरचे. शिवाय एक कोटीच्या खरेदीवर मुंबईत पुरुषाच्या नावे ६ टक्के, स्त्रीच्या नावे ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी आहे. वीस वर्षांत बँकेला एकंदर एक कोट ६६ लाखांहून अधिक द्यावे लागतात. उलट आजचे वार्षिक भाडे ३ लाख ३६ हजार, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी. व्याज साडेआठ टक्के आणि भाडे साडेतीन टक्के, हा फरक कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

मी म्हणालो, "पण भाड्याच्या पावत्यांतून घर होत नाही. हप्ता फिटला की घर तरी राहते." त्यावर ती म्हणाली, "खरे आहे. म्हणूनच दरमहा २२ हजार रुपये आम्ही पहिल्या तारखेलाच बाजूला टाकतो. त्याला हात लावायचा नाही. तोच आमचा हप्ता समजा."

मित्रहो, भाड्याने राहण्याचे सारे गणित या एका वाक्यावर उभे आहे. वाचलेली रक्कम बाजूला पडत असेल तरच ते शहाणपण आहे. ती हॉटेलात, मोबाइलमध्ये आणि सहलींत गेली, तर घरही नाही आणि पुंजीही नाही अशी अवस्था होते.

आता वाहनाविषयी. हिशेबशास्त्रात मोटार ही घसाऱ्याची वस्तू. आयकराच्या हिशेबात व्यवसायाच्या गाडीवर साधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा धरतात. म्हणजे ती उभी राहिली तरी झिजते, विमा मागते आणि मुंबईत उभी राहायला जागाही मागते. मुलाचे कार्यालय घाटकोपरला आहे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास अगदी मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत काढला तरी दोन-अडीचशे रुपयांत येतो. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले आणि रिक्षाचे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले. ही वाढ धरूनही दोघांचा प्रवासखर्च महिन्याला अडीच हजारांपुढे जात नाही. घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. पाच रस्त्याच्या बाजूचे सरळ रस्ते शंभर वर्षांपूर्वी आखले गेले, तेव्हा माणसे पायी चालतील असेच गृहीत होते. सून त्याच रस्त्याने भाजी आणते, मुलाला शाळेत सोडते आणि देरासरात जाते.

मी विचारले, "बदलापूरला स्वस्तात स्वतःचे घर मिळाले असते ना?" मुलगा म्हणाला, "मिळाले असते. पण रोज जाता-येता दीड-दोन तास अधिक गेले असते. उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार करतो, तो सुटला असता." एका सामायिकाला ४८ मिनिटे लागतात. म्हणजे ते दूरचे घर रोज दोन सामायिकांची किंमत मागत होते. हा खर्च माझ्या खतावणीत कधी लिहिलाच गेला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण कोणत्या परंपरेचे, हे मी आठवू लागलो. आपले पूज्य साधु-साध्वी नाशिकहून म्हसरूळमार्गे दिंडोरीस पायी येतात. त्यांना वाहन नाही आणि घरही नाही. आठ महिने महिन्याच्या मर्यादेने आठ ठिकाणी आणि चार महिने चातुर्मासात एका ठिकाणी, असा नवकल्पी विहार शास्त्राने सांगितला आहे. दुसऱ्याच्या जागेत आज्ञा घेतल्याशिवाय ते उतरत नाहीत. जो जागा देतो त्याला 'शय्यातर' म्हणतात आणि त्याच्या घरची गोचरीही ते घेत नाहीत, जेणेकरून त्याच्यावर दुहेरी भार पडू नये. ज्यांच्या चरणी आपण मस्तक टेकवतो ते जन्मभर परक्याच्या छपराखाली राहतात आणि पायी चालतात. मग आपलाच मुलगा भाड्याने राहिला आणि पायी चालला, तर आपली मान खाली का जावी?

श्रावकाने साधू व्हावे असे मी म्हणत नाही. त्याच्यासाठी पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. दररोज धारण करावयाच्या चौदा नियमांत 'वाहन' हा स्वतंत्र नियम आहे. आज किती वाहने वापरीन, याची मर्यादा सकाळीच बांधायची. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, असा त्याचा पसारा होता. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले, तेव्हा प्रवासाच्या गाड्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या पाचशे, अशी मर्यादा बांधली. आकडा मोठा आहे, पण महत्त्व आकड्याला नाही. 'यापुढे नाही' असे म्हणण्याला आहे. ज्याने परिस्थितीमुळे गाडी घेतली नाही, त्याच्या ठायी तो नाइलाज असतो. तोच ते समजून, प्रसन्न मनाने स्वीकारील तर तोच नियम होतो.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीसाठी मुंबईचे एक स्थळ आले होते. मुलगा निर्व्यसनी, धर्मप्रेमी आणि नोकरीत स्थिर. बायोडाटात 'भाड्याचे घर' असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते, वाहनाच्या जागी रेघ होती. बहिणीने माझा सल्ला विचारला. मी कागद घडी करून परत दिला आणि म्हणालो, "स्वतःचे छप्पर नाही, पुढे जाऊ नका." तो नकार माझा होता. त्या मुलाचे चारित्र्य मी पाहिले नाही, फक्त त्याची मालमत्ता पाहिली. दुकानात मी ताक्याचा पन्हा मोजतो, सूत चिमटीत धरून पाहतो, आणि मग भाव बोलतो. माणसाच्या बाबतीत मात्र वेष्टन पाहूनच भाव केला. आज माझ्या मुलाची स्थिती तंतोतंत त्या मुलासारखी आहे. त्या कुटुंबाची मी मनोमन क्षमा मागितली आहे, आज आपल्या साक्षीने पुन्हा मागतो.

भाड्याच्या घरात अडचणी नाहीत असे नव्हे. करार संपला की घर बदलण्याची टांगती तलवार असते, मुलांच्या शाळेचा प्रश्न येतो, दलाली द्यावी लागते. म्हणून कायद्याची दोन वाक्ये तरुणांनी ध्यानात ठेवावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, व ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे.

घरमालकांनीही भय बाळगू नये. जुन्या १९४७ च्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला परवानगीने राहणारे अनेक जण संरक्षित भाडेकरू झाले. त्या आठवणीने आजही कित्येक जण घर कुलूपबंद ठेवतात. नव्या कायद्यात नोंदणीकृत कराराची मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

यास्तव समाजापुढे तीन नम्र विनंत्या ठेवतो. आपल्यापैकी ज्यांचे मुंबई-नाशिकला दुसरे घर रिकामे आहे, त्यांनी ते रीतसर करार करून, वाजवी भाड्याने, शक्य तर दोन-तीन वर्षांच्या मुदतीने एखाद्या होतकरू कुटुंबास द्यावे. शय्यातराचे पुण्य भाडे घेऊन मिळत नाही हे मी जाणतो, पण साधर्मिकाला स्थैर्य देणे हेही लहान काम नव्हे. दुसरे, सोयरीक पाहताना फ्लॅट व गाडीचा रकाना शेवटी वाचावा. आणि तिसरे, तरुणांनी घराविषयी आई-वडिलांपासून काही लपवू नये. जमाखर्चाची वही उघडून त्यांच्यापुढे ठेवावी. आम्ही जुनी माणसे हट्टी असू, पण आकडा आम्हाला कळतो.

माझे गोदाम मी विकले नाही. परवा मुलाकडे गेलो, तेव्हा स्टेशनपासून त्याच्या घरापर्यंत त्याच्याबरोबर पायी गेलो. तीन जिने चढताना दम लागला, पण दारात नातू उभा होता आणि आत सूर्यास्तापूर्वीची पाने मांडलेली होती. घर कोणाच्या नावावर आहे, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.