निर्बंध आणि अर्थमंत्री : स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या कल्याण बंदराविषयी, पूर्वी येथे रीतसर बाजारपेठ होती, परंतु पुढे अंमल बदलल्यावर येथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात आढळते, त्याच्या परिसरात बाजार आणि राजसत्ता यांच्या संबंधांची चर्चा करणारी ही परिषद भरावी, हे उचितच होय.

आर्थिक सुधारणा म्हटले की 24 जुलै 1991 चे अंदाजपत्रक आणि डॉ. मनमोहन सिंग यांचे स्मरण होते, व ते योग्यही आहे; तथापि त्याच दिवशी बहुतांश उद्योगांना परवान्यातून मुक्त करणारे धोरण ज्या उद्योगखात्याने संसदेपुढे ठेवले, ते खाते पंतप्रधान नरसिंह राव यांनी स्वतःकडे राखले होते. (हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेणाऱ्या रामटेकच्या या माजी खासदाराची ही कामगिरी तरी लक्षात कोण घेतो?)

मला निर्बंध उठविण्याचे त्याआधीचे एक उदाहरण अधिक उद्बोधक वाटते. ज्या सुवर्णनियंत्रणाने 1963 पासून सोनारांच्या पिढीजात धंद्यावर गदा आणली, पण सोन्याची चोरटी आयात मात्र थांबविली नाही, त्याचा कायदा 1990 साली रद्द झाला तो प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री असताना. म्हणजे आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या राजापूरच्या खासदाराच्या कारकिर्दीत! निर्बंध आपल्या तत्त्वज्ञानाला किती जवळचा आहे हे न पाहता, तो आपला हेतू साधतो की नाही हे पाहणे, आणि साधत नसेल तर तो उठविण्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेणे, हीच अर्थमंत्र्याची खरी कसोटी होय.

मात्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, ठाण्याची वागळे इस्टेट, ज्या जिल्ह्यात उभी राहिली, तेथील माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. कल्याणजवळच्या मोहने येथील एन.आर.सी. या रेयॉन कारखान्याला 2009 साली टाळे लागले; अशा प्रत्येक टाळ्याचे खापर उदारीकरणावर फोडणे न्याय्य नव्हे, परंतु विस्थापित कामगारांसाठी 1992 साली स्थापन झालेला राष्ट्रीय नवीकरण निधी मुख्यत्वे सरकारी उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवरच खर्ची पडला आणि खाजगी कारखान्यांतील कामगार उपेक्षितच राहिला, हे त्या धोरणाचे मोठे न्यून होय. अर्थमंत्र्यांच्या यशापयशाचा हिशेब मांडताना या परिषदेने कामगारांच्या थकीत देण्यांचा विषयही आपल्या ठरावांत घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे.