रुग्णाचें दप्तर

औषधोपचारांत आठवणीला फार महत्त्व आहे. गेल्या खेपेस कोणतें औषध दिलें, तें रोग्याला मानवलें कीं नाहीं, रक्ताच्या तपासणींत काय निघालें, हें ठाऊक असल्यावांचून पुढील उपचार करणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय. सुखवस्तु घरांतून हे कागद कपाटांत जपून ठेवलेले असतात. गरीब मुलखांतील दवाखान्यांत मात्र रोग्याची हकीकत निरनिराळ्या वह्यांतून विखुरलेली असते. वही भरली कीं ती फडताळांत जाते, आणि तिच्याबरोबर ती हकीकतहि दृष्टीआड होते.

केनिया देशाच्या पश्चिम भागांत, एल्डोरेट शहराजवळ, मोसोरिओट नांवाचें एक ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. तेथेंहि एकाच भेटीची नोंद अनेक वह्यांत पुनः पुनः केली जात असे. २००१ सालच्या फेब्रुवारींत तेथें संगणकावर रोग्यांचें दप्तर ठेवण्यास आरंभ झाला. केनियांतील मोई विद्यापीठ आणि अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्याचें तें फळ होतें. योजना अगदीं साधी होती. प्रत्येक भेटीची माहिती एकाच छापील कागदावर लिहावयाची, व मागाहून ती संगणकांत उतरावयाची. विजेचा भरंवसा नसल्यामुळें पर्यायी वीजपुरवठ्याचीहि तजवीज केलेली होती. कागद टाकून दिला नाहीं. त्याला फक्त शिस्त लावली. नवें यंत्र आणतांना जुन्यांतील उपयुक्त तें राखणें, हेंच या योजनेंतील शहाणपण होय.

सहा महिन्यांत ६,१९० रोग्यांच्या १०,००० भेटी संगणकांत नोंदल्या गेल्या. रोग्याला भेटीसाठीं लागणारा एकंदर वेळ शेंकडा २२ नें कमी झाला. कोणते रोग आढळले, कोणतीं औषधें दिलीं, कोणत्या तपासण्या झाल्या, यांचा गोषवारा हातीं येऊं लागला. ज्या आईला आजारी मूल कडेवर घेऊन दुरून चालत यावें लागतें, तिला वेळेची ही बचत क्षुल्लक वाटणार नाहीं.

परंतु याच पाहणींत आणखी एक आंकडा आहे, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. उपचार करणाऱ्यांच्या सहवासांत रोग्याचा जो वेळ जाई, तो शेंकडा ५८ नें घटला. कर्मचाऱ्यांचा खाजगी कामांतील वेळ मात्र वाढला. घटलेल्या वेळांतील कांहीं भाग पूर्वीं केवळ वह्या भरण्यांत जात असेल, हें खरें. तरीपण वह्यांच्या जाचांतून सुटलेला वेळ आपोआप रोग्याच्या पदरीं पडत नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो. कार्यकर्त्यांनीं हे आंकडे न लपवितां प्रसिद्ध केले, हें त्यांच्या प्रामाणिकपणास भूषणावहच आहे.

पुढें एच. आय. व्ही. च्या उपचारांत अशा दप्तराची आवश्यकता अधिकच पटली. तें औषध आजन्म घ्यावें लागतें. ठरल्या दिवशीं कोण आला नाहीं, हें दवाखान्याला कळलेंच पाहिजे. २००४ सालीं ओपन-एम-आर-एस ही सर्वांना विनामूल्य वापरतां येणारी प्रणाली तयार होऊं लागली, आणि २००६ सालीं ती एल्डोरेट येथें व नंतर रवांडा देशांत उपयोगांत आली. आपल्या देशांतहि छत्तीसगडमधील गनियारी येथें जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयांत तिच्याच पायावर उभारलेली प्रणाली वापरांत आली.

तथापि दप्तर कितीहि चोख असलें तरी तें लिहिणाऱ्याच्या दक्षतेइतकेंच विश्वसनीय असतें. वजनाचा एक आंकडा चुकला कीं औषधाची मात्रा चुकण्याचा संभव असतो. आणि रोग्याचें गुपित भलत्याच्या दृष्टीस पडलें कीं त्याची अब्रू जाते. शिवाय परदेशची मदत संपल्यावर यंत्र दुरुस्त कोण करणार, याचा विचार पहिल्याच दिवशीं झाला पाहिजे.

यंत्र वेळ वांचवितें. तो कोठें खर्च करावा, हें मनुष्यानेंच ठरवावयाचें असतें. वांचलेल्या वेळांतील दोन घटका रोग्याचें बोलणें शांतपणें ऐकण्यांत गेल्या, तरच त्या दप्तराचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.