गप्प बसलेले मूल



वैशाखातले व्याख्यान म्हणजे श्रोत्यांच्या ज्ञानलालसेची आणि सहनशक्तीची एकदमच परीक्षा असते. सोलापूरच्या उन्हाविषयी सोलापूरकरांना आम्ही काय सांगावे? दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला संध्याकाळी गार वारा आणि हलकासा विषय हवा असतो. वारा आमच्या हाती नाही. आणि विषय मात्र आम्ही जाणूनबुजून थोडा जड निवडला आहे. समोर शिक्षक बसले आहेत, शिक्षक होऊ पाहणारे तरुण-तरुणी बसल्या आहेत आणि ज्यांची मुले उद्या या तरुणांच्या हाती जायची ते आईबापही बसले आहेत. तेव्हा ही गोष्ट तिघांनी एकत्र ऐकलेली बरी.

भावी शिक्षकाने काय शिकावे? विषय शिकावा, पाठटाचण लिहिण्यास शिकावे, फळा कसा वापरावा ते शिकावे, हे सर्व खरेच. पण सरावपाठ पाहता पाहता आमची अशी खात्री झाली आहे की, या सर्वांच्या आधीचा एक पाठ आहे. आपण काय पाहतो, पाहण्याआधीच काय धरून चालतो आणि कोणत्या भाषेला शुद्ध मानतो, हे तीन प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारले पाहिजेत. ते न विचारल्याचा दंड शिक्षकाला होत नाही. तो मागल्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला होतो.

आमचे गाव या बाबतीत साधे नाही. १८७७ साली येथे कापडाची मोठी गिरणी निघाली, माग वाढले, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्वभागात स्थिरावले. कानडी तर येथे मुळापासूनच आहे. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आपण दर संक्रांतीला भरवतो, त्यांची वचने कानडीत आहेत. मुसलमान मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते. विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढलेल्या या जुळे सोलापुरात तर एकाच जिन्यावर चार भाषा ऐकू येतात. आणि येथली मराठीही पुस्तकातली नव्हे. पुण्याचा मुलगा 'काय करतोयस' म्हणेल, तिथे आमचा मुलगा 'काय करायलास बे' म्हणेल, आणि त्यात त्याला काही चुकल्यासारखे वाटणार नाही. वाटूही नये.

आता प्रथम पाहण्याविषयी. डोळा जे असते तेच दाखवतो, असा आपला समज असतो. मानसशास्त्रात एक जुनी आकृती आहे. दोन सारख्या लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. दुसरी रेषा लांब दिसते. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या तीन अमेरिकी संशोधकांनी ही आकृती आफ्रिकेतल्या, फिलिपाइन्समधल्या आणि अमेरिकेतल्या लोकांना दाखवली आणि १९६६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वजण सारखे फसत नाहीत, असे त्यांना आढळले. अमेरिकी शहरवासी फार फसले, तर आफ्रिकेतल्या काही समाजांतली माणसे पुष्कळच कमी फसली. असे का व्हावे, याविषयी पंडितांत वाद आहे. आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: पट्टी लावून दोन्ही रेषा सारख्या असल्याची खात्री करून घेतली, तरी दुसऱ्या क्षणी ती रेषा पुन्हा लांबच दिसते! म्हणजे केवळ सद्‌हेतूने हा भ्रम जात नाही. हाती पट्टीच ठेवावी लागते.

वर्गात असेच घडते. 'हे मूल मठ्ठ आहे' असे शिक्षक म्हणतो, तेव्हा त्याने मठ्ठपणा पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले इतकेच असते की, प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही. बाकीचे सर्व त्याने स्वतः भरलेले असते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ च्या सुमारास लिहून ठेवली आहे. परीक्षकासमोर हा मुलगा एकेका शब्दापलीकडे जात नव्हता. अशा मुलांना भाषाच नसते, असे त्या काळी विद्वान म्हणत. मग मुलाखत घेणारा जमिनीवर बसला, त्याने बटाट्याचे वेफर आणले, मुलाच्या दोस्तालाही बोलावले. आणि मुलगा असा बोलू लागला की थांबेना. मूल तेच, भाषा तीच. बदलली होती ती फक्त बैठक.

आता दुसरा प्रश्न, गृहीतांचा. रोझेन्थॉल आणि जेकबसन यांनी १९६४-६५ साली कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत एक प्रयोग केला. मुलांची एक साधी चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावे देऊन सांगितले की, ही मुले यंदा चमकणार. वास्तविक ती नावे, सुमारे एकपंचमांश मुलांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांनी खरोखरच अधिक प्रगती दाखवली. १९६८ साली यावर पुस्तक निघाले आणि फार गाजले. त्यातल्या आकड्यांवर पुढे कडक टीकाही झाली, आणि असा परिणाम असला तरी तो पुस्तकात दिसतो त्याहून लहान असतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. परंतु त्या अभ्यासांतला एक आम्हांला मूळ प्रयोगाहून मोलाचा वाटतो. १९८४ साली रॉडेनबुश यांनी असे अठरा प्रयोग एकत्र तपासले. ज्या शिक्षकांची मुलांशी ओळख दोन आठवड्यांहून अधिक झालेली होती, त्यांच्यावर बाहेरून आलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ झालाच नव्हता. जुळी मुले परक्याला सारखीच दिसतात. आईला मात्र अंधारातही कोण रडले ते कळते. ओळखीसारखे औषध नाही, ते असे.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो तर आपल्या दारातलाच आहे. तेलुगू घरातले मूल वर्गात म्हणते, 'आई आलं'. वर्ग हसतो, शिक्षकही हसतो. पण ते मूल असे का म्हणते? तेलुगूत 'अम्मा वच्चिंदि' आणि 'बस वच्चिंदि' ही क्रियापदे एकच आहेत. एकवचनात पुरुषाला एक रूप आणि स्त्रीला व वस्तूला मिळून दुसरे, असा त्या भाषेचा नियम आहे. कानडीत दगड, भिंत, झाड ही सगळीच नपुंसक. आमच्या मराठीत मात्र दगड पुरुष, भिंत बाई आणि झाड नपुंसक! याला कारण विचाराल तर आमच्यापाशी 'असेच म्हणतात' यापलीकडे उत्तर नाही. मग कानडी मूल 'भिंत पडलं' म्हणाले, तर अधिक तर्कशुद्ध कोण? तीच गोष्ट 'भात'ची 'बात' होण्याची. तेलुगू आणि कानडीच्या ठेवणीतल्या घरगुती शब्दांत महाप्राण जवळपास नाहीतच. तेव्हा जिभेला ते वळण नवे असते. ही चूक अज्ञानाची नव्हे. एका भाषेचा पक्का नियम दुसऱ्या भाषेत चालवून पाहिल्याची ती खूण आहे. ज्याला हे कळते तो शिक्षक चूक सुधारील, पण मुलाला खाली बसवणार नाही.

कोणी विचारील, मग काय, मुलांना प्रमाण मराठी शिकवूच नये? अवश्य शिकवावी, आणि चांगली शिकवावी. परीक्षा, अर्ज, नोकरी, कचेरी यांची भाषा ज्याला दिली नाही, त्याला आपण फसवले असेच म्हटले पाहिजे. वाद आहे तो घरची भाषा पुसून ती शिकवायची, की घरच्या भाषेवर उभी राहून, एवढाच. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम, ३५०-अ, १९५६ साली आपल्या घटनेत आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तोवर मातृभाषाच माध्यम असावी, असे म्हटले आहे. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

आणि मराठी घरांनी हा प्रश्न दुसऱ्यांचा समजू नये. आज आपण आपली चार वर्षांची मुले इंग्रजी शाळेत घालतो. घरी अखंड बडबडणारे पोर तिथे मुके होते, आणि बाई प्रगतिपुस्तकात लिहितात, 'बोलत नाही'. पूर्वभागातल्या विणकराच्या मुलाने मराठी वर्गात जे भोगले, तेच आता आपल्या मुलाच्या वाट्याला आले आहे.

यावर तोड नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. प्रत्येकाला कोसबाड उभारता येणार नाही. पण शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना तीन लहान गोष्टी आम्ही सुचवू. एक वही ठेवावी, तिच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे जे दिसले ते लिहावे, उजवीकडे जे वाटले ते. हीच तुमची पट्टी. दुसरे, पहिले दोन आठवडे कोणत्याही मुलाविषयी मत बनवू नये आणि आधीच्या शिक्षकाचे मत विचारूही नये. तिसरे, वर्गातल्या प्रत्येक घरभाषेतले दहा शब्द शिकावे. पाण्याला तेलुगूत 'नीळ्ळु', कानडीत 'नीरु'. तहानलेल्या पाच वर्षांच्या मुलाला पाणी मागता येत नाही, ही गोष्ट व्याकरणाच्या चुकीहून फार मोठी आहे.

जाता जाता मराठीचा एक गुण सांगतो. हिंदीत एका 'हम'वर भागते. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळले तर 'आम्ही', त्याला सामील करून घेतले तर 'आपण'. हाच भेद तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे, आणि मराठीला तो द्रविड शेजारातून मिळाला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तेलुगू मुलाला हा फरक शिकवावा लागत नाही. तो ते घरूनच घेऊन येते. 'आम्ही असे बोलत नाही' असे शिक्षक म्हणाला, तर आपल्याला दाराबाहेर ठेवले, हे त्याला ताबडतोब कळते. 'आपण हे असेही म्हणू या' म्हटले, तर तेही कळते.