वाचलेली पुस्तके आणि न वाचलेली वही

(संस्थेच्या ग्रंथालयातर्फे ३ जानेवारी रोजी नववर्षानिमित्त झालेल्या कार्यक्रमात एका निवृत्त मराठी शिक्षकांनी केलेले भाषण)



'माझी आवडती पुस्तके आणि नव्या वर्षातील वाचनाचे संकल्प' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या ग्रंथपालांची आज्ञा झाली. मी काही विद्वान नव्हे. आयुष्यभर वर्गात मराठी शिकवली आणि फावल्या वेळात हाताला लागेल ते वाचले, एवढीच माझी पात्रता. २०१९ पूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मी पन्नास पुस्तकांची नावे घडाघडा सांगितली असती. आज तसे होणार नाही. कारण माझ्या आवडीची परीक्षा कृष्णामाईने घेतली आहे, आणि त्या परीक्षेत फार थोडी पुस्तके उतरली.

त्या वर्षीचा ऑगस्टचा महापूर आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. आमचे बिऱ्हाड नदीकाठच्या सखल भागात, तळमजल्यावर. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. त्या खुणेच्या वर हातभर अंतर सोडून मी सर्व पुस्तके रचली आणि निर्धास्त मनाने कुटुंबासह बाहेर पडलो. पाण्याने माझा हिशेब मानला नाही.

परत आलो तेव्हा कपाट उघडेना. पुस्तके फुगून एकमेकांत अशी घट्ट रुतली होती, की ती काढण्यासाठी फळ्या तोडाव्या लागल्या. पाने चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. गच्चीवर वाळत घातल्या, पण त्या विटाच राहिल्या. हे दुःख माझ्या एकट्याचे नव्हते. आपल्या सांगलीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेच्या ग्रंथभांडाराचेही त्या पुरात अतोनात नुकसान झाले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले भिजले. माझे तर एका माणसाच्या आयुष्याएवढेच होते.

निवृत्तिवेतनात सगळी पुस्तके पुन्हा घेणे शक्य नव्हते. माझी पत्नी व्यवहारी. ती म्हणाली, "ज्यांच्यावाचून घर सुने वाटते, तेवढीच लिहून काढा." मी यादी केली, खोडली, पुन्हा केली. शेवटी जी उरली, ती माझी आवडती पुस्तके. ती ज्या क्रमाने विकत घेतली, त्याच क्रमाने सांगतो.

पहिले घेतले ते व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं'. हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. लेखक आपल्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या माडगूळचे, आणि मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. जिल्हे दोन असले तरी माणदेश एकच, आणि त्याचा दुष्काळही एकच! आमचे घराणे मुलाण्याचे. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकत असताना तेरा-चौदाव्या वर्षी हे पुस्तक माझ्या हाती पडले. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवता फिरवता एका नावावर थांबलो: 'मुलाण्याचा बकस'. पुढे आणखी एक नाव होते, 'तांबोळ्याची खाला'. तोवर माझी अशी प्रामाणिक समजूत होती, की मराठी पुस्तकातली माणसे ही कोणी दुसरी असतात. आपण त्यांचे शुद्धलेखन लिहायचे, गुण मिळवायचे आणि घरी यायचे. त्या दिवशी मला प्रथमच कळले, की या भाषेच्या वाड्यात आमचीही खोली आहे. रात्री कंदील विझेपर्यंत मी ते पुस्तक सोडले नाही. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, त्याचे मूळ त्या अनुक्रमणिकेत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे पुस्तक अण्णा भाऊ साठे यांचे 'फकिरा'. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे गाव. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम चढली, बापाबरोबर मुंबईपर्यंत पायी गेले, आणि तेथे गिरण्यांच्या वस्तीत राहून लेखक झाले. 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वर्गातले एखादे मूल "सर, आमच्या घरात कोणी शिकलेले नाही" असे मान खाली घालून सांगे, तेव्हा मी त्याला उपदेश करत नसे. हे पुस्तक देत असे. माझी प्रत पुरात गेली तेव्हा तिच्यावर अनेक मुलांच्या बोटांचे डाग होते. नवी प्रत अजून फारच स्वच्छ आहे, याचे मला वाईट वाटते.

तिसरे पुस्तक साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृति'. 'श्यामची आई' सर्वांनी वाचलेली असते. पण त्याच लेखणीने हजरत पैगंबरांचे चरित्र आणि इस्लामचा परिचय किती मायेने लिहून ठेवला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. याच फळीवर मी विनोबांचे 'कुराण-सार' ठेवले आहे. हेच विनोबा १९१७ साली अध्ययनासाठी आपल्या वाईला येऊन राहिले होते. पुढे त्यांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला. दुसऱ्याचा धर्मग्रंथ समजून घेण्यासाठी मोठ्या वयात त्याची लिपी शिकणारा माणूस पाहिला, की आपल्या आळसाची लाज वाटते. ही लाज मला पुढे कशी भोवली, ते सांगणारच आहे.

चौथे पुस्तक, सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय. आज ३ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस. १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावी त्यांचा जन्म झाला. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी आल्या होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकारी फातिमा हिची आठवण काढली आहे. आपल्यामागे शाळेचा सगळा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. उल्लेख लहानसा आहे. परंतु आपल्या मुलींना मी तो दरवर्षी वाचून दाखवत असे. पत्रातली एक ओळसुद्धा माणसाला जिवंत ठेवते, मात्र ती कोणी तरी लिहावी लागते आणि कोणी तरी वाचावी लागते.

पाचवे पुस्तक मेहरुन्निसा दलवाई यांचे आत्मकथन, 'मी भरून पावले आहे'. हमीद दलवाई यांच्या मतांशी या सभागृहातील अनेकांचे मतभेद असतील. माझेही काही बाबतींत आहेत. परंतु एका मुसलमान स्त्रीने आपल्या संसाराची, कष्टांची आणि आजारपणांची हकीकत इतक्या साध्या मराठीत सांगावी, ही गोष्ट मतभेदांपलीकडची आहे. हे पुस्तक प्रथम माझ्या पत्नीने वाचले. वाचून झाल्यावर ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या अम्मीनेही असे काही सांगून ठेवायला हवे होते."

सहावे आणि शेवटचे, सेतुमाधवराव पगडी यांचे गालिबवरचे पुस्तक. गालिबच्या उर्दू गझला मला समजल्या त्या या मराठी पुस्तकामुळे. आणि येथेच, मित्रहो, मला एक कबुली द्यावयाची आहे.

पुरात गेलेल्या सामानात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात माझ्या आजोबांची एक वही होती. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणत असू. तरुणपणी ते काही वर्षे मिरजेला राहिले आणि तेथे उर्दू लिहावयास शिकले. गावी परतल्यावर रोज रात्री ते बोरूने त्या वहीत काही तरी लिहीत. घरात कोण जन्मले, कोण गेले, पाऊस कधी पडला, १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला किती पाणी राहिले, असे पुष्कळ त्यात आहे, असे घरचे सांगत. मी मागितली की ते म्हणत, "पैले पढना सीख, फिर देता हूँ." पुढे ते गेले आणि वही माझ्याकडे आली. मी मराठी माध्यमात शिकलेला. उर्दू बोली कळे, अक्षर मात्र कळत नसे. शिकू, परीक्षा झाल्यावर शिकू. नोकरी लागल्यावर शिकू. मुलींची लग्ने झाल्यावर शिकू. निवृत्त झाल्यावर तर नक्कीच शिकू. अशी चाळीसच्या वर वर्षे गेली. अवघड असे काहीच नव्हते. वाटेत कोणी अडवलेही नव्हते. केवळ राहून गेले.

पूर ओसरल्यावर पेटी उघडली. वही होती, पानेही होती. शाई मात्र पाण्याबरोबर निघून गेली होती. मी एकेक पान उन्हात धरून पाहिले; कोठे एखादा निळसर डाग होता, बाकी काही नाही. माझ्या इतर पुस्तकांच्या प्रती दुकानात मिळाल्या. या वहीची दुसरी प्रत जगात नव्हती. गालिबला मराठीत आणणारे पगडी भेटले. माझ्या बडे अब्बांना मराठीत आणणारा एकच माणूस होता, आणि तो 'उद्या' म्हणत बसला.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून माझा नव्या वर्षाचा पहिला संकल्प उर्दू लिपी शिकण्याचा आहे. त्याला आरंभही झाला आहे. आपल्या उर्दू विभागातली सातवीतील एक विद्यार्थिनी माझी गुरू आहे. गेल्या महिन्यापासून ती मला अलिफ, बे, पे, ते शिकवते. बेला खाली एक टिंब, पेला खाली तीन, तेला वर दोन. मी टिंब विसरलो की ती गंभीर चेहऱ्याने म्हणते, "सर, नुक्ता रह गया." तिने मला दाखवले, की 'खुदा' आणि 'जुदा' या शब्दांत फरक फक्त एका टिंबाचा आहे, वर दिले तर खुदा, खाली दिले तर जुदा. शिकवणीच्या मोबदल्यात मी तिला 'माणदेशी माणसं' मराठीतून वाचून दाखवतो. मराठी पुस्तके तिला अवघड वाटत. आता ती एक-एक परिच्छेद स्वतः वाचू लागली आहे. दौत, शाई, कलम, कागद, दप्तर, हजेरी हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, हे कळल्यावर तिला फार मौज वाटली. डॉ. यू. म. पठाण यांनी मराठी बखरींतील फार्सीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे, आणि हेच पठाण सर १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हेही मी तिला सांगितले.

दुसरा संकल्प, वर्षअखेरीपर्यंत प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्ट उर्दू अक्षरांतून वाचावयाची. मेळ्यात खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेणारा लहानगा हमीद मी हिंदीतून आणि मराठीतून अनेकदा वाचला आहे. एकदा तरी तो त्या लिपीत भेटावा. तिसरा संकल्प, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सलग वाचावयाचा. सतराव्या शतकात एका मुसलमान संताने मराठी ओवीत ग्रंथ रचला. तो मी निवडक वेच्यांपुरताच वाचला, हे मराठीच्या शिक्षकाला शोभत नाही.

चौथा संकल्प तुमच्या सोबतीचा आहे. पाचगणीजवळचे भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या वाचकांना मोकळ्या करून दिल्या. आरंभी २५ ठिकाणी पुस्तके ठेवली होती. संस्थेने परवानगी दिल्यास उर्दू आणि मराठी अशा दोन्ही विभागांची मुले एकत्र घेऊन तेथे एक दिवस जावे, अशी माझी इच्छा आहे. प्रत्येकाने तेथे एक पुस्तक वाचावे आणि परतताना ते शेजारच्याला सांगावे.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर आपली पेटी, माळा, ट्रंक उघडून पाहा. आजोबांची चिठ्ठी, आजीने लिहून घेतलेली दुआ, जुना हिशेब, काहीही असेल. लिपी येत नसेल, तर ज्याला येते त्याच्याकडे जा. आपल्या संस्थेत दोन्ही लिप्या जाणणारी मुले-मुली एकाच छपराखाली बसतात. अशी सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. पुस्तके पुराच्या खुणेच्या वर ठेवा, हे मी अनुभवाने सांगतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वेळेत वाचा. वाचलेले पाण्यात जात नाही. 'माणदेशी माणसं' भिजले तेव्हा त्यातला बकस माझ्यापाशी होता. वही भिजली तेव्हा माझ्यापाशी काहीच नव्हते.

 नवे वर्ष आपणा सर्वांना वाचनाचे जावो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.